थंड राहिलं पाहिजे

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला सहलीला नेतात तो पाण्याचा डबा आठवेल. बाहेरून निळी, आतून पांढरी, वर घट्ट बसणारं झाकण आणि उचलायला एक कडी. पण माझ्या पोटात सरबत कधी आलं नाही. मी एक जुनी थंडपेटी आहे, आणि बारा वर्षं मी एका छोट्या प्रसूतिगृहासाठी माणसांचं रक्त वाहिलं. माझ्या झाकणावर लाल थेंबाचं चित्र आहे. त्याचा रंग आता विटकरी झालाय आणि टोक कुणीतरी नखाने खरवडून काढलंय.

माझी गोष्ट ऐकायला कठोर आहे. तरी ती मला तुम्हालाच सांगायची आहे, कारण मोठी माणसं पुरतं ऐकून घेत नाहीत.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. आधी दोन भिंती घडल्या, मग त्यांच्यामध्ये फेस ओतला. तो फुगला, वाळला आणि माझ्या अंगात कायमचा बसला. त्या फेसामुळे बाहेरचं ऊन आत येत नाही आणि आतली थंडी बाहेर जात नाही. शेवटी एका बाईने माझं झाकण तीनदा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाली, "ही चांगली आहे." ती माझी पहिली शाबासकी. माझ्या रांगेतल्या बहिणी कुणी मासळीबाजारात गेल्या, कुणी सोड्याच्या गाडीवर. मला मात्र लाल थेंब चिकटवला, आणि मी मनातल्या मनात ताठ झाले.

प्रसूतिगृहाच्या मोठ्या सिस्टर तेव्हा तरुण होत्या. सगळे त्यांना "मोठ्या सिस्टर" म्हणायचे, कारण त्या उंच होत्या आणि त्यांचा आवाजही. त्यांनी मला माझं काम एका वाक्यात सांगितलं होतं. तसं ते त्यांनी नव्या मदतनिसाला सांगितलं होतं, पण मी ते माझ्यासाठीच घेतलं. "हे बघ, रक्त थंड राहिलं पाहिजे."

बस्, एवढंच. मी तेच धरून बसले.

तुम्हाला आधी समजावून सांगते. बाळ जन्माला आलं की आईच्या पोटातली गर्भाची पिशवी मुठीसारखी आवळून यावी लागते. बहुतेक वेळा ती येते. कधी कधी ती सैल पडून राहते, आणि मग रक्त नळ सोडल्यासारखं वाहतं. डॉक्टर इंजेक्शनं देतात, पोट दाबून धरतात, शिरेतून सलाईन सोडतात. पण सलाईन म्हणजे खारट पाणी. गेलेल्या रक्ताची जागा शेवटी रक्तच घेतं, आणि ते वेळेत यावं लागतं. आमच्याकडे रक्त साठवायची सोय नव्हती. रक्तकेंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, वीस मिनिटांच्या वाटेवर.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितली नव्हती. रक्ताला थंडी लागते, पण भाजी ठेवतो त्या फ्रिजइतकीच. त्याहून जास्त थंडी झाली, ते गोठलं, की त्याच्यातले बारीक तांबडे कण फुटतात. नंतर ते वितळवलं तरी फुटलेले कण काही सांधत नाहीत. असं रक्त माणसाच्या अंगात गेलं तर ते औषध राहत नाही, विष होतं. म्हणून बर्फ आणि रक्ताची पिशवी यांच्यामध्ये आडोसा लागतो. माझ्या पोटात त्यासाठी एक पांढरी जाळी होती. बर्फ जाळीखाली, पिशव्या जाळीवर. तिसऱ्या वर्षी ती जाळी कुणीतरी धुवायला काढली आणि मोरीवर साबण ठेवायला वापरली. साबणाला ती फार छान बसली. परत कधी माझ्याकडे आली नाही.

माझे चांगले दिवसही होते. एका बाईला एकाच दुपारी सहा पिशव्या लागल्या आणि सहाही मी आणल्या. घरी जाताना तिने माझ्या झाकणावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "हिच्यात माझं निम्मं अंग आलं." मी वर्षभर ते वाक्य पुरवून पुरवून आठवलं. मग हळूहळू दिवस उतरले. कडी तुटली, तिथे बँडेजपट्टीची गाठ मारली. उन्हाळ्यात माझ्यात कर्मचाऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राहू लागल्या. एरवी मी जिन्याखाली झाडूच्या शेजारी.

आणि आमच्याकडे एक पद्धत पडून गेली होती. रुग्णवाहिका एकच, शिपाई एकच. म्हणून रक्त आणायला घरचंच माणूस धाडायचं. हातात चिठ्ठी, नमुन्याची बाटली आणि मी. "पळा," म्हणायचं. ज्याच्या घरचं माणूस टेबलावर पडलंय त्याच्याहून जोरात कोण पळणार? ही पद्धत वर्षानुवर्षं चालली आणि काही बिघडलं नाही, म्हणून ती बरोबर आहे असं सगळ्यांना वाटलं.

त्या दिवशी दुपारी एक बाळंतीण आली. पहिलटकरीण. बरोबर नवरा आणि तिची आई. नवरा आइस्क्रीम बनवायचा. त्याचं स्वतःचं दुकान होतं, फिरत्या पिंपांचं. पिंपाभोवती बर्फ आणि जाडं मीठ भरायचं, पिंप फिरवायचं, आत दूध गोठत जायचं. त्याचे तळहात थंडीने कायमचे गुलाबी झाले होते. सासू त्याला पाच वर्षं एकाच नावाने हाक मारत होती.

"अहो बर्फवाले जावई, उभे काय राहिलात? पाणी आणा तिला."

"आणतो, सासूबाई."

"आणि साधं आणा. तुमच्या दुकानासारखं दात वाजवणारं नको."

बाळंतीण कळा सोसता सोसता हसली. "आई, त्यांना बोलू नकोस गं. त्यांच्यामुळेच मी उन्हाळ्यात टिकते."

बाळ झालं. मुलगी. ओरडली, गुलाबी झाली, आजीच्या हातात गेली. सगळं ठीक झालं असं वाटायला जेमतेम पाच मिनिटं मिळाली. मग आतून मोठ्या सिस्टरांचा आवाज आला, आणि त्या आवाजातला उंचपणा वेगळा होता. शिपाईमामा धावत जिन्याखाली आला. तो रुग्णवाहिकेबरोबर निघाला होता, एका दुसऱ्या बाईला मोठ्या रुग्णालयात पोचवायला. जाता जाता त्याने मला उचललं आणि आइस्क्रीमवाल्याच्या छातीशी दिलं.

मोठ्या सिस्टर दारात आल्या. कोपरापर्यंत लाल. "रक्त वाहतंय तिचं, थांबत नाहीये. रक्तकेंद्र माहितेय ना? ही चिठ्ठी, हा नमुना. दोन पिशव्या. पळा."

"सिस्टर, ती..."

"पळा म्हणते ना!"

दार लागायच्या आत टेबलावरून बाळंतिणीचा आवाज आला. बारीक, पण मस्करीचाच. "लवकर या हं. वितळून जाईन मी."

सासूने नातीला छातीशी धरून त्याच्याकडे पाहिलं. तिची भीती तिच्या तोंडून नेहमी टोमणा होऊनच बाहेर पडायची. "निदान एवढं तरी नीट आणा."

तो पळाला, मित्रांनो. मला दुचाकीच्या मागे दोरीने बांधलं आणि असा निघाला की माझं झाकण वाटभर दात वाजवत होतं.

रक्तकेंद्रात एका काचेमागे चष्मा लावलेला टेक्निशियन होता. माणूस कामाचा पक्का. नमुना घेतला, गट पाहिला, पिशवीतलं रक्त आणि बाळंतिणीचं रक्त जुळतंय का ते पाहिलं. त्याला वेळ लागतो आणि तो लागायलाच हवा. आइस्क्रीमवाला काचेबाहेर येरझाऱ्या घालत होता. शेवटी टेक्निशियनने मला आत घेतलं, तळाशी बर्फाच्या दोन थैल्या ठेवल्या, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर दोन पिशव्या. झाकण लावून मला खिडकीतून बाहेर सरकवलं.

"झाकण उघडू नका. थंड राहिलं पाहिजे."

तेच वाक्य. तेवढंच.

"किती थंड?" आइस्क्रीमवाल्याने विचारलं. बघा, त्याने विचारलं होतं.

"अहो, थंड म्हणजे थंड. निघा, उशीर होतोय," टेक्निशियन म्हणाला आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी घेतली.

अर्ध्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागलं. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चिकटत होतं. त्याने माझ्या अंगाला हात लावला. बाहेरून मी तापले होते, तशी मी तापतेच, त्याने आत काही होत नाही. पण त्याला ते कुठे माहीत? त्याने झाकण किलकिलं करून आत पाहिलं. दोन एवढ्याशा थैल्या. त्याच्या पिंपाला घमेलंभर बर्फ लागतो, आणि इथे त्याच्या बायकोच्या जिवाला दोन थैल्या!

"ही कसली थंडी?" तो स्वतःशीच म्हणाला. "हे तर तिथे पोचेस्तोवर पाणी होईल."

त्याचं दुकान फाटकाला लागूनच होतं. तो मला आत घेऊन धावला. त्याने मन लावून काम केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. हात धुतले. वर्तमानपत्राची ओली घडी काढून टाकली, कारण ओला कागद त्याला घाण वाटला. बर्फ फोडून पिशव्यांच्या खाली, बाजूंना आणि वर दाबून बसवला. आणि मग दोन ओंजळी जाडं मीठ पसरलं. ते त्याने पोरवयापासून रोज केलं होतं. मीठ पडलं की बर्फाची थंडी कित्येक पटींनी वाढते. पिंपातलं दूध दगड होतं ते त्यामुळेच. "आता कसं," तो म्हणाला आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून लावलं.

मित्रांनो, मी तुमच्यापासून लपवणार नाही. मला फार अभिमान वाटला. इतकी थंड मी जन्मात झाले नव्हते. माझ्या भिंती आतून कडकडल्या. मला वाटलं, आज मी माझं काम सगळ्यात चांगलं करतेय. फाटक उघडलं आणि आम्ही निघालो, दोघं सारखेच मूर्ख, दोघं सारखेच खूश.

प्रसूतिगृहाच्या दारात मोठ्या सिस्टरांनी माझं झाकण उपटलं. पिशव्या हातात घेतल्या. पिशव्यांच्या कडा पांढुरक्या, कडक झाल्या होत्या आणि मधे बर्फाच्या सुया दिसत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. आत डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, "आलं का? सिस्टर, आलं का?"

"खराब झाल्यात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पिशव्या खराब झाल्यात. पळा, दुसऱ्या आणा. लगेच!"

"खराब? कशा काय..."

"बोलत बसू नका हो! पळा!"

दार लागलं.

इथे थांबा. मला इथे नेहमी थांबावं लागतं. त्या क्षणी दाराबाहेर एक माणूस उभा होता ज्याला फक्त एवढं कळलं होतं की रक्त खराब झालं. दूध कशाने खराब होतं? मलई कशाने? उन्हाने. त्याच्या साऱ्या आयुष्यात थंडीने काही नासलं नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच अर्थ निघू शकत होता, आणि तोच निघाला.

"माझंच चुकलं, सासूबाई," तो मला उचलत म्हणाला. "कमी पडलं."

"काय कमी पडलं?"

"थंडी."

सासूने या वेळी टोमणा मारला नाही. बाळ तोंड उघडून काहीतरी शोधत होतं, मान इकडून तिकडे घुसळत होतं. आजीने आपलं बोट त्याच्या तोंडाशी धरलं आणि म्हणाली, "जा बाबा. जा."

आम्ही रक्तकेंद्रात पोचलो तेव्हा टेक्निशियन फोनवर होता, पलीकडे आमच्या मोठ्या सिस्टर. मला त्याने खिडकीतून आत घेऊन टेबलावर ठेवलं होतं, म्हणून मी ऐकलं. आइस्क्रीमवाला काचेच्या बाहेर होता. त्याला फक्त हलणारे ओठ दिसत होते.

"नाही मॅडम, आमच्याकडून व्यवस्थित गेलं होतं," टेक्निशियन म्हणत होता. "गोठलं असेल तर तुमच्याकडे गोठलं. आमच्यावर खापर फोडू नका. ... मी बारा वर्षं हेच करतोय, मला शिकवू नका. ... आवाज खाली ठेवा. ... हो, देतो. देतोय ना!"

त्याने फोन आपटला. त्याचे कान लाल झाले होते. रक्त गोठलं हे त्याला माहीत होतं. ज्याच्या हातात ते गोठलं तो माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मधे एक काच, आणि त्या काचेला बोलायला गोल भोक. टेक्निशियनने माझ्यातलं बर्फ-पाणी न बघताच ओतलं, मला पुसलं, थैल्या ठेवल्या, वर्तमानपत्राची घडी दुप्पट केली, आणि झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे मारले. नंतर कुणी बोट दाखवायला नको. मग कागद बाहेर सरकवला.

"सही करा. पिशव्या सुस्थितीत मिळाल्या म्हणून."

आइस्क्रीमवाल्याने न वाचता सही केली. "साहेब, या वेळी खराब नाही ना होणार?"

"आमच्याकडून खराब जात नाही," टेक्निशियन म्हणाला. फोनवरच्या बाईला द्यायचं उत्तर त्याने या माणसाला दिलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. दुकानात त्याने चिकटपट्टी किल्लीने फाडली. या वेळी दोन ओंजळी नाही, अर्धं घमेलं मीठ. आणि तो बर्फाला, मिठाला, मला, कुणाला तरी सांगत होता, "आता नाही होणार खराब. आता बघतोच कशा होतात." मीठ माझ्या झाकणाच्या खाचेत शिरलं, बँडेजच्या गाठीत शिरलं. माझ्या पोटात दोन पिशव्या हळूहळू आखडत होत्या, आणि मला अजूनही कळत नव्हतं. मला अजूनही शाबासकी हवी होती.

मोठ्या सिस्टरांनी झाकण उघडलं. पिशव्या एकमेकींवर वाजल्या. फरशीचे दोन तुकडे वाजावेत तशा.

त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटांना जाडे खडे चिकटले होते.

"हे काय आहे?"

"मीठ," आइस्क्रीमवाला धापा टाकत म्हणाला. "मघाशी थंडी कमी पडली होती ना, म्हणून दुप्पट घातलं. आता बघा कसं टणक राहिलंय! आता चालेल ना, सिस्टर?"

मोठ्या सिस्टरांनी पिशव्या पायरीवर ठेवल्या आणि बोटांचे खडे झटकले.

तेवढ्यात रुग्णवाहिका आवारात वळली. सिस्टर पायऱ्या उतरून धावल्या, शिपाईमामाच्या हातात चिठ्ठी कोंबली, आणि मला द्यायलाही विसरल्या. तो गेला आणि तासाभरात आला. पिशव्या त्याने एका घडी केलेल्या टॉवेलात गुंडाळून आणल्या होत्या. फक्त टॉवेलात. दोन्ही उत्तम, अगदी हव्या तशा. मित्रांनो, वीस मिनिटांच्या वाटेला बर्फाची गरजच नव्हती. माझीही नव्हती.

पण बाळंतीण त्याच्या अकरा मिनिटं आधीच गेली होती.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन भिंतीला टेकल्या. त्यांचे हात पोट दाबून दाबून वाकडे झाले होते, बोटं सरळ होत नव्हती. मोठ्या सिस्टर त्यांच्या कानाशी मिठाचं बोलल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले.

"त्याला सांगू नका," त्या म्हणाल्या. "पदरात लेकरू आहे. जगू दे त्याला."

म्हणून त्याला सांगितलं, "फार उशीर झाला होता." आणि सासूने, जिने पाच वर्षं त्याला धड नाव दिलं नव्हतं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्ही धावलात हो, बापू. जिवाचं रान केलंत. तुमच्याकडून काही राहिलं नाही." तो लहान पोरासारखा रडला. मी पायरीवर उघडी पडले होते, उन्हात, आणि माझ्यातला खारा बर्फ वितळून पायऱ्यांवरून ओघळत होता.

मला धुतलं आणि जिन्याखाली ठेवलं.

दहाव्या की अकराव्या दिवशी तो आला. दाढी वाढलेली, पाठीवर एक गोणी. मोठ्या सिस्टर मला पुसायला घेऊन बसल्या होत्या. त्या दिवसानंतर त्या मला रोजच पुसायच्या, काम नसलं तरी.

"सिस्टर, हे ठेवा," त्याने गोणी माझ्या शेजारी टेकवली. "जाडं मीठ आहे. स्वच्छ केलंय. पुढच्यांच्या उपयोगी पडेल. पेटीत मीठ कमी घालू नका, पहिल्या वेळी तसाच चुकलो मी."

"ठेवते," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात उंच नव्हता.

"आत्ताच रक्तकेंद्रात जाऊन रक्त देऊन आलो. तिच्यासाठी काढलेलं वाया गेलं ना, ते परत द्यावं म्हटलं. तिथे बरेच जण पेट्या घेऊन बसले होते बिचारे. त्यांनाही सांगितलं."

सिस्टरांच्या हातातलं फडकं थांबलं. "काय सांगितलं?"

"मिठाचं. एवढंच करू शकतो आपण. तिघांना नीट समजावून सांगितलं, किती घालायचं, कसं दाबायचं."

मी सिस्टरांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टरीणबाईंचं वाक्य आलं आणि गेलं. मग त्यांनी शेजारचं स्टूल ओढलं. "बसा," त्या म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं. रक्ताला किती थंडी लागते. ते गोठलं की काय होतं. मीठ काय करतं. त्या दिवशी पहिल्या पिशव्यांना काय झालं होतं, आणि दुसऱ्या पिशव्यांना. त्यांनी काही वाढवलं नाही, काही झाकलं नाही. मला वाटलं, तो ओरडेल, मला लाथ मारेल. त्याने काही केलं नाही. त्याचे गुलाबी तळहात मांडीवर उताणे पडले होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता.

"सासूबाई पहिल्यांदाच चांगलं बोलल्या होत्या हो मला," तो म्हणाला.



मग त्याने मान वर केली. "पहिल्या वेळीच का नाही सांगितलंत?"

"वेळ नव्हता," सिस्टर म्हणाल्या.

"किती लागला असता?"

सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. "आत्ता लागला तेवढाच," त्या म्हणाल्या. "एक मिनिटसुद्धा नाही."

तो उठला. गोणी तशीच टाकून दाराकडे धावला.

"अहो, कुठे निघालात? बसा जरा, पाणी घ्या."

"तिघं आहेत," तो म्हणाला. "तिघांना सांगितलंय मी."

त्या संध्याकाळी तो परत आला. दोघे सापडले होते. एकाची पेटी त्याने गेटवरच उघडून मीठ उपसून टाकलं होतं. तिसरा रक्त घेऊन केव्हाच निघून गेला होता. रक्तकेंद्राच्या वहीत त्याची सही होती, पण ती कुणालाच वाचता आली नाही. आइस्क्रीमवाला नंतर महिनाभर रोज त्या आवारात उभा राहिला, मुलीला खांद्यावर घेऊन. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगायचा. दुकान कुलूपबंदच होतं. तिसरा माणूस परत आला नाही.

आता आमच्याकडे नवी पेटी आहे, तापमापक असलेली. टेक्निशियन काचेच्या भोकातून प्रत्येकाला काय करायचं, काय नाही आणि का, ते सांगतो, आणि त्यांच्याकडून परत वदवून घेतो. मोठ्या सिस्टरांनी बजावलंय, रक्त आणायला शिपाईच जाईल, घरचं माणूस नाही. हे सगळं एका बाईच्या जिवावर झालं. तिची मुलगी आता रांगते, असं शिपाईमामा सांगत होता.

मी मात्र जिन्याखालीच आहे. कुणी मला फेकत नाही, कुणी मला वापरतही नाही. मला वस्तूंची निगा राखा असं सांगायला हवं, माझ्या वयाच्या वस्तू तेच सांगतात. माझी जाळी साबणाखाली गेली नसती तर बरं झालं असतं, हे खरंच. पण मला तुमच्याकडून वेगळंच काही हवंय. घरात कुणी तुम्हाला म्हणालं, पळ, घेऊन ये, असं कर, तर पळण्याआधी एकदा विचारा, का? रागावले तरी विचारा. आणि तुम्ही कुणाला पाठवत असाल, तर ते मिनिट त्याला द्या.

आणि मित्रांनो, तो तिसरा माणूस अजून सापडलेला नाही. तो कुणाचा तरी बाप असेल, कुणाचा काका, मामा. त्याने ही युक्ती आणखी कुणाला सांगितली असेल, भल्या मनाने. आज घरी गेलात की जेवताना सगळ्यांना विचारा, रक्तावर मीठ घालायला तुम्हाला कधी कुणी सांगितलं होतं का? कुणी हो म्हणालं, तर त्याला तिथेच बसवा आणि सगळं सांगा.